बंद पोटात बर्फ: गुडगाव, २०१३

दात्याच्या शरीरातून किडनी बाहेर आली की ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, सगळ्यात आधी तिला गार करतात. स्टीलच्या भांड्यात निर्जंतुक बर्फाचा चुरा, त्यात किडनी, आणि तिच्या धमनीत घातलेल्या बारीक नळीतून सोडलेला थंड द्राव. शिरेतून आधी लाल पाणी येतं, मग गुलाबी, मग नितळ. तांबूस-जांभळी किडनी दोन-चार मिनिटांत पांढरट राखाडी होते. गार किडनीला प्राणवायू फार कमी लागतो, त्यामुळे ती तगून राहते. ऊबदार किडनी मात्र रक्ताविना मिनिटामिनिटाला झिजते.

उघड्या शस्त्रक्रियेत हा बर्फ शेवटपर्यंत सोबत असतो. रुग्णाचं ओटीपोट उघडलेलं असतं, किडनीभोवती थंडगार ओलं कापड असतं, चुरा वितळला की सहायक आणखी मूठभर टाकतो. त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. रोबोटने किडनी बसवायची असं ठरलं तेव्हा मात्र गाडी या मुठीपाशीच अडली. पोट बंद, आत कार्बन डायऑक्साइड भरलेला, सभोवती सदतीस अंशांची ऊब, आणि मूठ जाईल एवढं भोक कुठेच नाही.

२०१३ साली तेव्हाच्या गुडगावात, म्हणजे आताच्या गुरुग्राममध्ये, मेदांता रुग्णालयात ही अडचण कशी सुटली, त्याचं हे प्रकरण. रोबोट की चिरफाड, या वादात जे मुद्दे हमखास येतात ते जवळपास सगळे त्यात सापडतात. ज्यांची चर्चा सहसा होत नाही, असेही एक-दोन आहेत.

जुन्या पद्धतीत खोट काय होती?

खरं सांगायचं तर फारशी नव्हतीच. रक्तवाहिनीला रक्तवाहिनी कशी शिवायची हे अलेक्सिस कॅरेलने १९०२ मध्ये दाखवून दिलं होतं. किडनी तिच्या मूळ जागी, पाठीत, बसवायच्या फंदात न पडता खाली ओटीपोटाच्या खळग्यात ठेवावी, ही रीत १९५१ च्या सुमारास पॅरिसमध्ये रने क्युस आणि त्यांच्या समकालीनांनी रुळवली. २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला बसवली ती याच जागी. त्या दिवशी किडनी ८२ मिनिटं रक्ताविना होती, बर्फाविनाही होती, आणि तरी चालली. मरेंना १९९० मध्ये नोबेल मिळालं. औषधं बदलली, चाचण्या बदलल्या, पण शस्त्रक्रियेचा आराखडा अर्धशतक जवळपास तोच राहिला.

ती जागा सोयीचीही आहे. जांघेच्या वर, बहुधा उजव्या बाजूला, पंधरा-वीस सेंटिमीटरचा वाकडा छेद घेतात. पोटाची पिशवी, म्हणजे पेरिटोनियम, न उघडता नुसती बाजूला सारतात. पायाकडे जाणारी मोठी धमनी आणि शीर समोर येतात. किडनीची शीर शिरेला, धमनी धमनीला, मूत्रवाहिनी मूत्राशयाला. स्वतःच्या दोन्ही किडन्या आहेत तिथेच राहू देतात. अनेक नातेवाइकांना हे पहिल्यांदा कळतं तेव्हा पटत नाही: "म्हणजे आता तीन किडन्या?" हो, तीन. काम करणारी एक.

खोट होती ती जखमेत. प्रत्यारोपणाला येणारा माणूस धडधाकट नसतो. कित्येक महिने डायलिसिसवर काढलेले, रक्त कमी, अनेकांना मधुमेह. शस्त्रक्रियेनंतर लगेच प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू होतात, त्यात स्टेरॉइडही असतं. अशा अंगावर एवढा मोठा छेद भरून यायला वेळ लागतो. जखमेत पू होणं, हर्निया, किडनीभोवती लसिकेचं पाणी साठणं, ज्याला लिंफोसील म्हणतात, हे ठरलेले त्रास. अंगाने जाड रुग्णांत तर ते इतके वाढतात की काही केंद्रं अशा रुग्णाला यादीतच घेत नसत.

इथे एक गंमत आहे. दोघांपैकी आधी लहान झाली ती दात्याची जखम. दात्याची किडनी काढायला पूर्वी कुशीत लांबलचक छेद घेत, कधी शेवटच्या बरगडीचा तुकडाही काढावा लागे. १९९५ मध्ये बाल्टिमोरला रॅटनर आणि कवूसी यांनी दात्याची किडनी लॅप्रोस्कोपीने, म्हणजे छोट्या भोकांतून कॅमेऱ्याच्या मदतीने, काढली आणि पुढच्या काही वर्षांत मोठ्या केंद्रांमध्ये तीच रीत झाली. कारण उघड आहे. दाता निरोगी माणूस. स्वतःचं काहीही दुखत नसताना तो टेबलावर येऊन झोपतो, त्याला होणारा त्रास कमी करणं आधी आलं. घेणाऱ्याची चिरफाड मात्र १९५० च्या दशकातलीच राहिली.

आधी झालेले प्रयत्न

गुडगाव हे पहिलं नव्हे, हे स्पष्ट केलेलं बरं. आपल्याकडे 'जगात प्रथम'चा सोस मोठा. फ्रान्समध्ये क्रेतेय इथे रोबोटच्या मदतीने रक्तवाहिन्या शिवण्याचा प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात पोट उघडलेलंच होतं. २००९ मध्ये बार्सिलोनात लॅप्रोस्कोपीने प्रत्यारोपण झालं. त्याच साली शिकागोत इलिनॉय विद्यापीठाच्या पथकाने अतिशय स्थूल रुग्णात रोबोट वापरला. शिकागोचं काम मला सगळ्यात पटतं, कारण त्यांचा प्रश्न नेमका होता: जाड माणसाच्या जांघेतली जखम सडते, मग ती जखमच तिथून हलवली तर? २०१३ मध्ये त्यांनी २८ रोबोटिक रुग्णांची २८ उघड्या शस्त्रक्रियांशी तुलना मांडली. उघड्या गटात आठ जणांना जखमेचा संसर्ग झाला होता, रोबोटच्या गटात जवळपास कुणालाच नाही. आपल्याकडे अहमदाबादच्या किडनी संस्थेत प्रांजल मोदी आणि सहकारी लॅप्रोस्कोपीने प्रत्यारोपणं करत होते आणि तीही मोठ्या संख्येने.

या प्रयत्नांची समान दुखती नस एकच: पोटात गेल्यावर किडनी गरम होत राहते. टाके घालायला अर्धा-पाऊण तास लागला तर तेवढा वेळ ती रक्ताविना, उबेत पडून. हात चपळ असेल तर निभावतं. पण जी पद्धत फक्त सगळ्यात चपळ हातातच सुरक्षित आहे ती दुसऱ्याला शिकवायची कशी?

डेट्रॉइट ते गुडगाव

डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातल्या वट्टीकुटी यूरॉलॉजी इन्स्टिट्यूटमध्ये तेव्हा असलेले मणी मेनन हे रोबोटने प्रोस्टेट काढण्याची शस्त्रक्रिया घडवणाऱ्यांपैकी एक. गुडगावला राजेश अहलावत. या दोघांच्या पथकांनी मिळून जे केलं त्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग शस्त्रक्रियेच्या आधीचा आहे.

नव्या शस्त्रक्रिया जगात बहुतेकदा कशा येतात? एखाद्या धाडसी सर्जनला सुचतं, तो करून बघतो, जमलं तर शोधनिबंध, नाही जमलं तर गप्प. औषधाला टप्प्याटप्प्याच्या चाचण्या लागतात, कात्रीला लागत नाहीत. याला उत्तर म्हणून 'आयडियल' नावाची एक चौकट आहे: आधी तालीम, मग निवडक थोडे रुग्ण, मग पद्धत पक्की करणं, मग तुलना, आणि दर टप्प्याचा हिशेब जाहीर. या पथकाने ती चौकट पाळली. शून्याव्या टप्प्यात रोबोटने प्रोस्टेटची शस्त्रक्रिया करताना ओटीपोट बर्फाने थंड ठेवता येतं का, किडनी ठेवायची जागा कशी बनवायची हे बसवलं. मग संपूर्ण प्रत्यारोपणाची तालीम मृतदेहावर केली. जानेवारी २०१३ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला तो फक्त सात काळजीपूर्वक निवडलेल्या रुग्णांवर.

रुग्ण भारतातले का? इथे जिवंत दाते आहेत म्हणून. अमेरिकेत बऱ्याच किडन्या मेंदूमृत दात्यांकडून येतात. त्या कधी येतील सांगता येत नाही, रात्री दोनला फोन वाजतो. जिवंत दात्याचं प्रत्यारोपण मंगळवारी सकाळी आठला, अशी तारीख धरून होतं. रोबोट मोकळा, पथक ताजं, दाता आणि रुग्ण शेजारच्या ओटीत. नवं काही बसवायचं तर एवढी शिस्त लागतेच. २०२३ साली भारतात झालेल्या १३,४२६ किडनी प्रत्यारोपणांपैकी बहुसंख्य जिवंत दात्यांचीच होती, तर देशभरात मृत दाते जेमतेम १,०९९. यात अभिमान किती मानायचा आणि खंत किती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

ओटीत

दात्याची किडनी लॅप्रोस्कोपीने काढून बर्फात ठेवलेली. शक्यतो डावी, कारण डाव्या किडनीची शीर लांब असते आणि लांब शीर शिवायला सोपी. तिला आता गॉजचं जाकीट चढवतात. जाकिटात बर्फाचा चुरा भरलेला, आणि एका बाजूला खिडकी ठेवलेली, जिच्यातून धमनी आणि शीर बाहेर डोकावतात. खालचं टोक कुठलं हे ओळखायला त्यावर खुणेचा एक टाका. ही खूण फुटकळ वाटते, पण कॅमेऱ्यातून पाहताना, जाकिटात गुंडाळलेली किडनी उलटीपालटी झाली तर शीर पिळली जाईल आणि सगळंच वाया.

रुग्ण पलीकडे डोकं खाली, पाय वर अशा उतारावर. त्यामुळे आतडी आपोआप छातीकडे सरकतात आणि ओटीपोट मोकळं होतं. रोबोटच्या हातांसाठी बोटभर भोकं, आणि बेंबीजवळ चार-पाच सेंटिमीटरचा एक छेद. त्या छेदावर मऊ जेलची एक झाकणी बसवतात. सगळी युक्ती तिच्यात आहे. तिच्यातून हवा निसटत नाही, पण किडनी आत जाते, आणि बर्फही. बर्फ आत कसा जातो? मोठ्या सिरिंजचं तोंड कापून रुंद करायचं, तिच्यात चुरा भरायचा आणि दट्ट्या दाबायचा. दहा-पंधरा कोटींच्या यंत्राची गाडी शेवटी तोंड कापलेल्या सिरिंजवर चालली, याचं मला फार कौतुक वाटतं. किडनी ठेवायच्या जागी आधी बर्फाची गादी, मग किडनी, मग वरून आणखी चुरा. किडनीचं तापमान वीस अंशांच्या आसपास राहतं, आणि रुग्णाचं अंग मात्र गार पडत नाही.

मग टाके. आधी शीर, मग धमनी. धमनीला कात्रीने चीर न देता छोट्या पंचने गोल भोक पाडतात, कागदाला पाडतात तसं. सर्जन रुग्णापासून काही फुटांवर, रोबोट चालवायच्या कन्सोलमध्ये डोकं घालून बसलेला. दिसतं उत्तम, दहापट मोठं आणि खोलीसकट. मनगटासारखी वळणारी हत्यारं, थरथर नाही. पण त्या वेळच्या यंत्रात बोटांना काहीही कळत नाही. धागा किती ताणला गेला हे डोळ्यांनीच ओळखायचं. उघड्या शस्त्रक्रियेत वापरतात तो प्रोलिनचा धागा रोबोटच्या चिमट्यात दुखावतो आणि तुटू शकतो, म्हणून इथे गोर-टेक्सचा वापरला. रुग्णाची जी धमनी कॅल्शियम साठून कडक झाली आहे, तिला हात लावल्याशिवाय चिमटा कुठे लावायचा हे ठरवता येत नाही. त्यामुळे असे रुग्ण, तसंच पोटावर आधी बऱ्याच शस्त्रक्रिया झालेले रुग्ण, या पद्धतीतून साधारणपणे वगळतात.

चिमटे सुटले की किडनी फुगते, गुलाबी होते, कधी टेबलावरच लघवीची धार लागते. ती धार पाहायला ओटीतला प्रत्येक जण, अगदी भूलतज्ज्ञही, मान उंच करून डोकावतो. उरतं एक काम. या पद्धतीत पोटाची पिशवी उघडावी लागते, म्हणून किडनी आतड्यांच्या शेजारी मोकळी पडते. ती फिरू नये आणि पुढे बायोप्सीची सुई सुखरूप जावी, यासाठी पिशवीचेच दोन पदर आधी सोडवून ठेवलेले असतात. ते किडनीवर पांघरून शिवतात. मग मूत्रवाहिनी मूत्राशयाला जोडून, आत स्टेंटची बारीक नळी ठेवून, झालं.

हिशेब

जानेवारी ते ऑक्टोबर २०१३ या काळात पन्नास प्रत्यारोपणं झाली. ज्यांना सहा महिने पूर्ण झाले अशा पंचवीस जणांचा हिशेब २०१४ मध्ये युरोपियन यूरॉलॉजी या नियतकालिकात आला. कन्सोलवरचा वेळ सरासरी १३५ मिनिटं. धमनीला १२ मिनिटं, शिरेला साडेतेरा. एकाचंही ऐन वेळी पोट उघडून शस्त्रक्रिया पुरी करावी लागली नाही. जखमेचा संसर्ग नाही, टाके गळले नाहीत. दोघांना पुन्हा ओटीत न्यावं लागलं. एक रुग्ण दीड महिन्याने हृदय निकामी होऊन गेला. घरी सोडताना क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसेल तर रक्तात वाढणारा घटक) सरासरी १.३, म्हणजे उघड्या शस्त्रक्रियेनंतर चांगल्या केंद्रात जेवढं असतं तेवढंच.

'तेवढंच' हा या सगळ्या प्रकरणातला कळीचा शब्द. पुढे २०२१ मध्ये याच पथकांनी सव्वाशेच्या आसपास रोबोटिक आणि पाचशेच्या वर उघड्या शस्त्रक्रिया शेजारीशेजारी मांडल्या. जखमेचा संसर्ग, लिंफोसील, वेदना आणि रक्तस्राव रोबोटच्या बाजूला कमी. किडनीचं काम दोन्हीकडे सारखं. किडनीला कुणी शिवलं याच्याशी घेणंदेणं नसतं. तिला वेळेत रक्त मिळालं, जुळणी बरी असली आणि गोळ्या वेळच्या वेळी पोटात गेल्या की ती चालते. रोबोटने जास्त वर्षं टिकते असं रुग्णाला कुणी सांगत असेल तर ते या आकड्यांतून निघत नाही.

आणि ही तुलना चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, हे लक्षात ठेवायला हवं. कुणाला रोबोट, कुणाला छेद, हे रुग्णाने, सर्जनने आणि बऱ्याच अंशी खिशाने ठरवलं. ज्याच्या धमन्या चांगल्या, पोटावर जुने व्रण नाहीत, पैसे आहेत, तो रोबोटकडे गेला. त्याची जखम तशीही बरी भरली असती का? थोडी तरी नक्कीच.

युरोपात जुलै २०१५ पासून हीच पद्धत सुरू झाली. आठ केंद्रांतल्या पहिल्या १२० रुग्णांचा अहवाल आला तेव्हा जखमेचा संसर्ग एकालाच झालेला दिसला. पण तीन किडन्या धमनीत रक्त गोठून कायमच्या गेल्या. १२० मध्ये तीन ऐकायला कमी वाटतात. त्या तिघांना किडनी देणाऱ्यांच्या घरी तसं वाटलं नसेल. त्यातले सर्जन रोबोटवर तयार झालेले होते, उघडं प्रत्यारोपणही जाणत होते. तरी शिकण्याची किंमत मोजावी लागलीच. म्हणून 'तुमच्याकडे रोबोट आहे का' या प्रश्नापेक्षा 'तुमच्या हातून अशी किती झाली, आणि त्यात किती किडन्या गेल्या' हा प्रश्न मी आधी विचारेन. चांगला सर्जन त्यावर रागावत नाही.

पैशाचं

रोबोटच्या प्रत्येक हत्याराला वापराची मर्यादा असते आणि ती मशीनच मोजतं. मर्यादा संपली की हत्यार बाद, मग ते दिसायला कितीही ठणठणीत असो. हा खर्च, वर यंत्राचा आणि देखभालीचा, बिलात येतो. आपल्याकडे महात्मा फुले योजनेत किडनी प्रत्यारोपणासाठीची मर्यादा २०२३ च्या निर्णयाने अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेली. त्या रकमेत रोबोट बसवणं कठीण. पुढे आयुष्यभर टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेटच्या, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या, गोळ्या घ्यायच्या असतात. पैशांअभावी त्या सुटल्या की उत्तम बसवलेली किडनीही जाते. घरात मोजकेच पैसे असतील तर ते छोट्या व्रणावर घालायचे की पहिल्या दोन वर्षांच्या औषधांवर, याचं माझं उत्तर ठरलेलं आहे. अपवाद खूप स्थूल रुग्णाचा: तिथे छोटा छेद ही चैन राहत नाही.

तक्त्यात नसलेली

गुडगावच्या निबंधांतले तक्ते वाचताना एक गोष्ट खटकत राहते. रोबोट विरुद्ध उघडी, असे दोन रकाने. खाली क्रिएटिनिन, वेदना, रक्तस्राव, जखम. हे सगळं घेणाऱ्याचं. देणाऱ्याचा रकाना नाही. नसण्याला कारण आहे, दात्याची शस्त्रक्रिया दोन्ही गटांत सारखीच. पण दाते कोण असतात? २०१९ ते २०२३ या काळात भारतात जिवंत दात्यांनी दिलेल्या ५६,५०९ अवयवांपैकी ३६,०३८ बायकांनी दिले. आई, बायको, बहीण. घेणारे बहुतांश पुरुष. कायद्याने मुलाखत होते, चित्रीकरण होतं, 'स्वखुशीने देते' असं ती कॅमेऱ्यासमोर सांगते.

तिची उरलेली किडनी हळूहळू मोठी होते आणि एकूण काम पूर्वीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास किंवा थोडं वर येऊन स्थिरावतं. तेवढ्यावर आयुष्य नीट जातं, फक्त रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन दर वर्षी तपासायला हवं. नवऱ्याच्या तपासणीची तारीख घरात सगळ्यांना पाठ असते आणि त्याची फाइल धरून तीच सोबत येते. डॉक्टरांनी त्याच भेटीत तिचाही दाब मोजावा, एक रक्ताची बाटली तिच्या नावाचीही भरून घ्यावी. त्याला रोबोट लागत नाही.